एक जूनची पत्रिका

आमच्या नातीने, जागृतीने, आयुष्यात पहिली चिठ्ठी लिहिली ती मिठाच्या डब्यासाठी. तिसरीत होती. माझ्या बायकोने, ठकूबाईने, पाहुण्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, आणि पाहुणे असे भिडस्त की अर्धा कप पिऊनही बोलले नाहीत. ते गेल्यावर पोरीने वहीचं पान फाडलं, भाताच्या शितांनी डब्याला चिकटवलं आणि वर लिहिलं, ‘मीठ. साखर नाही. चहात घालू नये.’ आता ठकूबाईला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, “कागद कुणासाठी लावलास गं? मला वाचता येत नाय, आन डब्याला ठाव हाय त्याच्यात काय हाय ते!”

आठवडाभर हसलो आम्ही. ठकूबाईला जाऊन आता चार वर्षं झाली. डबा अजून आहे, चिठ्ठीचा एक पिवळा कोपरा त्याला चिकटून आहे. ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल, पण या वर्षापासून सांगताना मध्येच थांबतो.

मी धर्माजी. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. ड्रम आला की त्याच्यावर चिठ्ठी लावायची: आत काय आहे, कशासाठी आहे, कशासाठी नाही, सांडलं तर काय करायचं. या चार गोष्टी जागृतीने माझ्या मांडीवर बसून ऐकल्या. तिच्या आजच्या कामात अर्धा वाटा माझा, असं मी गावभर सांगत फिरायचो.

तिचं काम काय, ते मलाच समजायला सहा महिने लागले. कर्जतला कॉम्प्युटरची पदवी घेतली, दोन वर्षं पनवेलला नोकरी केली, मग आजी अंथरुणाला खिळली तेव्हा घरी आली ती राहिलीच. आजीला शेवटचा घास तिनेच भरवला. आता माळ्यावर बसते, कारण रेंज माळ्यावरच्या खिडकीत येते, खाली ओट्यावर येत नाही. कंपनी पुण्याची, आणि धंदा ज्योतिषाचा! ऐकून मी हसून हसून खोकलो. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर माझ्या बापाने घरातलं पंचांग उल्हास नदीत सोडलं होतं. मी पाच-सहा वर्षांचा. पंचांग काही बुडेना. काठाकाठाने तरंगत आमच्याबरोबर पार वळणापर्यंत आलं. बाप म्हणाला, “बघ, पिच्छा सोडीत नाय.” इतक्या वर्षांनी ते आमच्या माळ्यावर येऊन पोचलं, असं मी जागृतीला म्हटलं. ती म्हणाली, “आबा, मी पत्रिका बघत नाही. मी फक्त चिठ्ठ्या लिहिते.”

तर ते असं. लोकांच्या फोनमध्ये आता बोलका एजंट असतो. मी म्हटलं, विम्याचा? ती म्हणाली, नाही हो, मशीनच आहे, पण माणसासारखं बोलतं. त्याला स्वतःला पत्रिका काढता येत नाही. त्याच्यापुढे या पुण्याच्या कंपनीने हत्यारांची पेटी ठेवलेली आहे. एक हत्यार पत्रिका काढतं, एक दोघांचे गुण जुळवतं, एक मुहूर्त सांगतं, एक आजचं राशिभविष्य. दहा वेगवेगळी अॅपं हीच पेटी वापरतात. एजंटला हत्याराच्या आत काय आहे ते दिसत नाही, वर लावलेली चिठ्ठी तेवढी तो वाचतो आणि कुठलं उचलायचं ते ठरवतो. चिठ्ठी जागृती लिहिते. त्याला ती टूलचं वर्णन म्हणते.

आणि काय लिहायची! आधीच्या माणसाने मुहूर्ताच्या हत्यारावर नुसतं ‘शुभ वेळ सांगते’ असं लिहिलेलं. कुणी विचारलं आज दिवस कसा जाईल, तर एजंट त्याला लग्नाचे मुहूर्त सांगायचा. जागृतीने लिहिलं, ‘लग्न, वास्तू, बारसं यांची वेळ हवी असेल तरच. रोजच्या भविष्यासाठी नाही.’ ठिकाणाच्या रकान्यात लोक नुसतं कर्जत टाकायचे आणि हत्यार पोचायचं नगर जिल्ह्यातल्या कर्जतला. आमच्या अर्ध्या तालुक्याचा जन्म परस्पर घाटावर! तिने लिहिलं, ‘कर्जत दोन आहेत. रायगडचं की नगरचं, ते विचार.’ मी माळ्याच्या जिन्यात बसून हे ऐकायचो आणि मला वाटायचं, स्टोअर अजून चालू आहे.

आता एक जूनचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

डोंगरावरच्या वाडीतली पोरं घरात जन्मायची, तारीख कोण लिहिणार? मास्तर नाव घालताना पोराला उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला, की पोर सहा वर्षांचं. मग तारीख एक जून, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि हिशेब सोपा पडतो. माझीही एक जूनच. आमच्या वर्गात बत्तीस पोरं, त्यातली एकोणतीस एक जूनला जन्मलेली. त्या दिवशी सुइणींचे काय हाल झाले असतील! पुढे तीच तारीख दाखल्यावर गेली, दाखल्यावरून आधारवर. अजून दर एक जूनला बँक मला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवते.

सुनिताचीही तारीख तीच. सुनिता म्हणजे ठाकूरवाडीच्या कमळ्याची लेक, जागृतीची मैत्रीण. पाचवीपासून ती खाली आमच्या गावच्या शाळेत यायची आणि दुपारचा डबा आमच्याच ओट्यावर उघडायची. कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं. यंदा माघात तिची सुपारी फुटली. मुलगा नवनाथ, त्याच वाडीतला, लहानपणी हिच्याबरोबरच वाडीवरच्या शाळेत नाव घातलेला. पुढे त्याच्या बापाला खोपोलीला कायम नोकरी लागली आणि ते तिथल्याच शिळफाट्याला राहायला गेले. दोघांची पसंती जुनी होती. ठाकर आदिवासींच्या लग्नात पत्रिका कधी कुणी बघितली नाही. चार म्हातारी माणसं बसतात, बोलणं होतं, संपलं. लग्न वैशाखात धरलं होतं. सुनिताने साडी दाखवायला आणली तेव्हा जागृतीने ती अंगावर धरून आरशात बघितली आणि सुनिता म्हणाली, “ठेव खाली, तुझ्या मापाचा नवरा नाय अजून.”

त्याच्या आधीची, पौषातली एक दुपार मला नीट आठवते. मी माळ्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि जागृतीच्या वरच्या बाई, प्राची मॅडम, पुण्याहून फोनवर बोलत होत्या. फोनचा आवाज मोठा केलेला.

“जागृती, गुणमेलनाच्या वर्णनात तू लिहिलंयस की जन्मवेळ माहीत नसेल तर वापरू नकोस, आधी विचार. अगं, तीन प्रश्न विचारले की माणूस अॅप बंद करतो. वेळ नसेल तर दुपारचे बारा धर, असं लिही.”

“मॅडम, आणि तारीखच खरी नसेल तर?”

“आधारवरची तारीख खोटी कशी असेल?”

जागृतीने माझ्याकडे बघितलं. मी, एक जूनचा, तिथे शेंगा सोलत बसलेला. तिला वाटलं असणार, आबा काहीतरी सांगतील. मी म्हटलं, “लिही गं. वरचा सांगतो ते लिहायचं. मी एकतीस वर्षं तेच केलं.”

तिने लिहिलं.

फाल्गुनात कमळ्या आला. डोंगर उतरून, भर उन्हात, पायात चपला नाहीत. पाणी दिलं तर तांब्या हातातच धरून राहिला.

“जागे, तू त्या पत्रिकेच्या हापिसात हायेस ना? बघ गं बाय, ह्ये काय आलंय. नव्याच्या आयनं फोनात बघितलंन.”

जागृतीने फोन घेतला आणि मोठ्याने वाचलं. “छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात. परंतु दोघांची नाडी एक आहे. संततीस धोका. विवाह टाळावा. टीप: जन्मवेळ न दिल्याने दुपारी बारा धरली आहे.” त्या शेवटच्या ओळीपाशी तिचा आवाज बारीक झाला. ती म्हणाली, “काका, हे मी लिहिलंय.”

“तू? तू कशाला आमच्या पोरीचं वाईट लिवशील?”

“काका, सुनिता खरी कधी जन्मली?”

कमळ्याने जरा आठवलं. “कारवी फुलली व्हती त्या साली. पाऊस उतरत आला व्हता, समदा डोंगर निळा. आन नव्या तवा रांगत व्हता. माझ्या भाकरीत हात घातलान, अजून सांगतो मी त्याला.”

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलते ती भाद्रपदाच्या आसपास. जूनचा आणि तिचा काही संबंध नाही. जागृती जिन्याच्या पायरीवर बसली. “आबा, दोघांची नावं एकाच दिवशी एकाच मास्तरांनी घातली. तारीख एक, साल एक, तालुका एक, वेळ दुपारचे बारा. मशीनने दोनदा एकच पत्रिका काढली. मग नाडी एकच येणार, दुसरं काय येणार?”

“मग सांग की तसं त्यांना,” कमळ्या म्हणाला. “तू शिकलेली हायेस. तुझं ऐकतील.”

जनाबाईचा मी राग धरत नाही. नवनाथची आई ती. तिच्या थोरल्या लेकीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून बसून ती बाई आतून पोखरली होती. शिळफाट्याच्या शेजारणी म्हणाल्या, पत्रिका बघितली असती तर कळलं असतं. म्हणून मुलाच्या वेळी तिने बघितली, आणि ‘संततीस धोका’ हेच नेमके शब्द पुढे आले. तिने लग्न अडवून धरलं.

कमळ्या गेल्यावर मी जागृतीला विलासची गोष्ट सांगितली. स्टोअरमधल्या शेकडो गोष्टी तिला सांगितल्या होत्या, ही कधी नाही. एका ड्रमच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, ‘यंत्राचे भाग धुण्यासाठी. हातमोजे घालूनच.’ साहेब म्हणाले, लांबड नको, ‘धुण्यासाठी’ पुरे. मी दुसरी चिठ्ठी लिहिली. पाळी सुटताना विलासने, दोन लेकरांचा बाप तो, ग्रीसने भरलेले हात त्या ड्रममधल्या रसायनाने धुतले. पुढे कित्येक वर्षं तो डाव्या हाताने जेवायचा आणि मला भेटला की नमस्कार करायचा. चिठ्ठी कुणाच्या अक्षरातली हे त्याला माहीत होतं.

जागृतीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “मॅडम बोलत होत्या तेव्हा का नाही सांगितलीत, आबा?”

कमळ्याने न पिताच ठेवलेला तांब्या मी उचलून आत नेला.

त्या दिवसापासून ती भांडली. पाच आठवडे. प्राची मॅडम काही वाईट बाई नव्हती, तिला खरंच ठाऊक नव्हतं. जागृतीने तिला जुन्या विचारणांचा ढीग काढून दाखवला: एक जून, दुपारचे बारा, पाठोपाठ, गावोगावच्या. मॅडमनी तो खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, “बदल.” नवीन चिठ्ठी जागृतीने मला वाचून दाखवली. ती मला पाठ आहे.

‘दोन व्यक्तींच्या जन्मावरून गुण जुळवते. दोघांची खरी तारीख, वेळ आणि ठिकाण माहीत असेल तरच वापर. तारीख एक जून असेल तर ती शाळेत लावलेली आहे का, ते आधी विचार. वेळ मनाने धरू नकोस. माहिती नसेल तर पत्रिका करता येत नाही असं स्पष्ट सांग.’

शेवटी तिने आणखी एक वाक्य घातलं होतं. ‘पत्रिका होत नाही म्हणजे माणसात खोट आहे असं नाही, हेही सांग.’ ते मॅडमनी काढलं. म्हणाल्या, वर्णनात टूल काय करतं तेवढंच हवं, बाकी उपदेश नको. जागृती म्हणाली, ठीक आहे, मोठं काम तर झालं.

चिठ्ठी चालू झाली त्या दिवशीच ती मला घेऊन शिळफाट्याला निघाली. वैशाख लागला होता. खोपोलीच्या टेंपोत ती खिडकीशी बसली आणि जनाबाईशी काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत घोळवत होती. मला मात्र वाटत होतं, आज होणार काम. पोरीने चिठ्ठी लिहावी आणि ती चुकावी, असं दोनदा कसं होईल?

हमरस्त्याला लागून दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. ट्रक गेला की भांडी वाजायची. नवनाथ घरीच होता, दाराला टेकून उभा. जनाबाईने चहा ठेवला, ठकूबाईची चौकशी केली, गेली म्हटल्यावर पदर डोळ्यांना लावला. जागृतीने सगळं सांगितलं, अगदी ‘ते वाक्य माझंच होतं, काकू’ हेही.

“तू लिवलंस तवा खोटं, आन आता म्हणतीस तवा खरं?” जनाबाई म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारत होती.

“माझं ऐकू नका. फोनलाच परत विचारा. आता तो नीट विचारेल.”

जनाबाईने फोन काढला आणि तोंडाशी धरून नावं, तारखा सांगितल्या. फोनने विचारलं, “या तारखा जन्माच्या वेळी नोंदवलेल्या आहेत, की शाळेत लावलेल्या?” जागृतीने माझा हात दाबला. जनाबाई म्हणाली, “शाळेतल्या.” फोनने विचारलं, “खरी तारीख किंवा वेळ घरात कुणाला आठवते का?”

“कारवी फुलली त्या सालची ती, असं म्हंत्यात,” नवनाथ दारातून म्हणाला.

फोन म्हणाला, “एवढ्या माहितीवरून या दोघांची पत्रिका करता येत नाही. त्यामुळे गुणमेलन सांगता येणार नाही.”

शब्द न् शब्द तिचा. जागृतीचा चेहरा उजळला. तिसरीतल्या पोरीचा असा, डब्याला कागद लावल्यावरचा. “बघा काकू! दोष नाहीच आहे. ते पहिलं सगळं चुकीचं होतं.”

जनाबाईने फोन पालथा करून मांडीवर ठेवला. बराच वेळ ती त्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली.

“दोष व्हता तवा बरं व्हतं गं,” ती म्हणाली. “दोषाला शांत असती. मी बामणाला इचारून ठेवलेलं, दोन दिसांत करून देतो म्हणाला. आता तर पत्रिकाच व्हत नाय म्हणतो. जिची पत्रिकाच नाय, तिचं काय धरायचं?”

“काकू, पत्रिका तर नवनाथचीही होत नाही!”

“त्याला मी जलमाला घातलाय. त्याचं मला ठाव हाय.”

“आये,” नवनाथ म्हणाला. एवढंच. आईने रिकामे कप गोळा केले, आणि त्याने ते तिच्या हातून घेऊन मोरीत ठेवले. त्याने बहिणीची दोन्ही बाळंतपणं बघितली होती. खाली उतरताना त्याने मला हात दिला, जिना अंधारा म्हणून, आणि शेवटच्या पायरीवर म्हणाला, “बाबा, सुनीला सांगा…” मग तो तसाच परत वर गेला.

वैशाख सरायच्या आत त्याचं लग्न झालं. मुलगी मुरबाडकडची, दवाखान्यात जन्मलेली. तारीख, वेळ, वजन, सगळं कागदावर.

परवा एक जून झाला. सकाळी बँकेचा संदेश आला, जन्मदिनाच्या हार्दिक शुभेच्छा. मी तो जागृतीला दाखवत होतो, दर वर्षी दाखवतो, तेवढ्यात सुनिता करवंदांची पाटी घेऊन ओट्यावर आली. तिचाही फोन वाजला. तिने बघितलं आणि म्हणाली, “धर्माजीबाबा, आपण जुळे.” मी हसलो. तीही हसली. मग पाटी खाली ठेवून ती डब्याच्या वेळी बसायची तिथेच बसली.

“तीन कारव्या झाल्या मला,” ती म्हणाली. “चवथी बघेपर्यंत बा माझा ऱ्हातो का नाय!”

जागृती तिच्याजवळ जाऊन बसली. त्या मॅडमना ती दर आठवड्याला ते शेवटचं वाक्य परत पाठवते आणि मॅडम दर आठवड्याला ते काढतात. कंपनीत याचा आता विनोद झालाय म्हणे. पण सुनिताला ते वाक्य तिने कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. पत्रिका होत नाही म्हणजे माणसात खोट आहे असं नाही.

सुनिता करवंदातली पानं वेचत होती.

“मला कशाला सांगतीस गं?” ती म्हणाली. “मला ठाव हाय.”

जागृती तिच्याबरोबर पानं वेचू लागली. आत जाऊन मी ताट आणलं, आणि करवंदांबरोबर लागेल म्हणून फडताळातून मिठाचा डबाही घेतला.